लोटनची पाचवी गोळी

झुलाल नानांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते छातीइतक्या खड्ड्यात उभे राहून माती उपसत होते. १९४९ ची दिवाळी नुकतीच झाली होती. जळगावातल्या पुखराजशेठांच्या कापसाच्या जिनावर नाना रखवालदार होते, आणि शेठना पिस्तुलाचा नाद लागला होता. घर जैन. आई राजकुंवरबाई पावलाखालची मुंगी जपणाऱ्या. त्यांनी मुलाला एकच अट घातली होती, की गोळी कागदाशिवाय कशालाही लागता कामा नये. शेठनी ती मनापासून मान्य केली. त्यांना मारायचं कोणाला नव्हतंच, त्यांना फक्त काळ्या वर्तुळाच्या मधोमध भोक पाडायचं होतं.

ती वर्तुळं काढायला त्यांनी मला बोलावलं. मी शाळेत चित्रकला शिकवत होतो. कंपासने एकात एक दहा वर्तुळं काढायची, मधला भाग काजळीने काळा करायचा आणि प्रत्येक कड्यात आकडा घालायचा, हे माझं काम. मेहरूण तळ्याच्या पलीकडे एका कोरड्या नाल्याच्या दरडीला लागून नाना खंदक खणत होते. खंदकावर लाकडी चौकट, चौकटीत आंब्याची चार बोटं जाडीची फळी, फळीवर माझा कागद. पंचवीस यार्डांवरून नेम धरायचा. पाच गोळ्या झाल्या की शिट्टी वाजायची, मग खंदकात बसलेला माणूस वर येऊन भोकं पाहायचा आणि आकडे ओरडून सांगायचा. गोळी कागदाला लागलीच नसेल तर त्याने लाल झेंडी हलवायची. खंदकातला तो माणूस म्हणजे नाना.

पहिली स्पर्धा १९५० च्या जानेवारीत झाली. खानदेश पिस्तूल स्पर्धा असं भारदस्त नाव आम्ही दिलं, पण भाग घेणारे होते सात जण. बघायला शेजारच्या शेतातली चार माणसं आली होती, आणि आवाजाने दचकलेल्या त्यांच्या म्हशी पळाल्या म्हणून ती अर्ध्यातच निघून गेली. पुढच्या वर्षी धुळ्याच्या लोकांनी ती आपल्याकडे मागून घेतली. तेव्हापासून पद्धत पडली, की एक वर्ष पूर्व खानदेशात, म्हणजे जळगावला, आणि एक वर्ष पश्चिम खानदेशात, म्हणजे धुळ्याला. धुळ्याला चौदा जण आले. स्पर्धेसाठी आम्ही काढलेल्या मंडळाकडे दोनच टू-टू, म्हणजे बारीक गोळीची, पिस्तुलं होती, तीच सगळ्यांनी आळीपाळीने वापरायची.

नाना मूळचे शिंदखेड्याकडचे. बोलणं अहिराणी. अंगाने वाळके, मिशी पांढरी व्हायला लागलेली. ते आकडा ओरडले, की तो कोणी पुन्हा विचारत नसे. "नानाचा डोळा म्हणजे तराजू," असं शेठ म्हणत. नानांनाही त्याचा अभिमान होता. मला एकदा म्हणाले, "मास्तर, जिनावर मी नुसता रखवालदार शे. आठे, खंदकमा, साहेब लोक मन्हा तोंडाकडे देखतस."

तिसरी स्पर्धा १९५२ साली पुन्हा जळगावला झाली. तोवर नेमबाज झाले होते एकोणीस. त्या वर्षी जामनेरकडून लोटन पाटील नावाचा शेतकरी आला. तिशी ओलांडलेला, महायुद्धात पलटणीबरोबर इटलीपर्यंत जाऊन आलेला. सुटून आल्यावर वडिलांच्या शेतात कापूस आणि थोडी केळी लावत होता. फडक्यात भाकरी बांधून सकाळच्या मोटारीने आला, रांगेत शेवटी उभा राहिला, आणि त्याची पाळी आली तेव्हा सगळे बोलायचे थांबले. हात वर जायचा, क्षणभर थांबायचा, गोळी सुटायची. ओढाताण कुठेच नाही.

प्रत्येकाला पंधरा गोळ्या, पाच-पाचच्या तीन फेऱ्या. शेवटच्या फेरीत जिंकण्याच्या टप्प्यात दोघंच उरले, पुखराजशेठ आणि लोटन. लोटन तीन गुणांनी पुढे होता. दोघांसाठी नव्या फळ्या, नवे कागद लावले. शेठनी आधी पाच गोळ्या मारल्या, चव्वेचाळीस गुण झाले. मी फळ्यावर खडूने आकडा लिहिला. त्या दिवशी राजकुंवरबाई पहिल्यांदाच पाहायला आल्या होत्या. मोटारीत बसून दोन्ही कानांवर पदर दाबून धरला होता.

मग लोटनने पाच गोळ्या मारल्या. शिट्टी झाली. नाना वर आले, कागदाजवळ गेले आणि त्यांनी चार आकडे सांगितले. दहा, नऊ, नऊ, नऊ. नंतर ते थोडे थबकले, कागद खालपासून वरपर्यंत पाहिला, आणि लाल झेंडी हलवली.

मी पाचव्या घरात शून्य लिहिलं. शेठ चार गुणांनी जिंकले.

लोटन पुढे आला. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. म्हणाला, "फळी एकदा पाहू का? गोळी बाहेर गेली असं वाटत नाही मले."

शेठ माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हणालो, "खंदकातल्या माणसाचा शब्द शेवटचा, असा आपला नियम आहे." नियम मीच लिहिला होता. शेठ म्हणाले, "निकाल झाला, भाऊ. पुढच्या वर्षी या." लोटनने मान हलवली. मागे कोणीतरी म्हणालं, "जर्मनाला भ्याला नाही, कागदाला भ्याला." त्यावर हशा झाला. मीही हसलो, हे सांगायला हवं.

त्या विजयावर शेठ मुंबईच्या मोठ्या स्पर्धेला गेले. पहिल्या नंबरालाच तिथं पाठवायचं ठरलं होतं. लोटन पुढच्या वर्षी आला नाही, नंतरही कधी आला नाही.

स्पर्धा मात्र वाढत गेली. १९५३ ला धुळ्याला नानांनी एक नवीनच गोष्ट काढली. म्हणाले, कागदामागे एक बोट अंतर सोडून दुसरा कागद लावा. दोन गोळ्या एकाच भोकातून गेल्या, तर मागच्या कागदावर त्या थोड्या फाकतात आणि कळून येतं. मला ही युक्ती फार आवडली. काम दुप्पट झालं, पण मी आनंदाने केलं. भांडणं बंद झाली. नाशिकचे, सुरतेचे नेमबाज येऊ लागले, ते हा दुसरा कागद पाहून म्हणायचे, खानदेशात न्याय चोख आहे. १९५६ ला दोन बायका उतरल्या. १९५८ ला नेमबाज साठावर गेले, शामियाना लागला, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. जिथे जाऊ तिथे नानांच्या दुसऱ्या कागदाचं नाव निघायचं. नाव निघालं की नाना खंदकात उतरायचे आणि बराच वेळ वर यायचे नाहीत. मला वाटायचं, माणूस संकोची आहे.

१९५९ ची स्पर्धा धुळ्याला होती, दहावी. मंडळाच्या कार्यकारिणीने ठरवलं, की झुलाल नानांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. ही बातमी सांगायला मी जिनावर गेलो. दुपारची वेळ होती. नाना फाटकाजवळच्या बाकावर बसून पायातला काटा काढत होते. मी सांगितलं. त्यांनी सुई खाली ठेवली.

"मास्तर, ती गोळी लागेल व्हती," ते म्हणाले.

"कोणती?"

"लोटनभाऊची. पाचवी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या दिवशी बक्षीस दिलं गेलं, हार झाले, लोक पांगले, तेव्हा ते फळ्या काढायला खंदकात उतरले होते. नेहमीप्रमाणे शिसं परत वितळवायला लागायचं म्हणून लोटनच्या फळीतून पटाशीने गोळ्या काढायला लागले. चार भोकं, गोळ्या निघाल्या पाच. दहाच्या कड्यातलं भोक थोडं लांबट होतं, आणि त्याच्या मागे लाकडात दोन गोळ्या एकीला एक चिकटून बसल्या होत्या. एकाच जागी दोनदा मारलेलं. झेंडी हलवताना त्यांना ते भोक लांबट दिसलं होतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "दिसेल व्हतं का नही, ते माले आजही सांगता येत नही. घाई व्हती. बठ्ठा लोक देखत व्हतात."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

ते म्हणाले, वर मोटारीजवळ शेठ उभे होते. कप आईच्या हातात दिला होता. राजकुंवरबाई कधी नव्हे ते हसत होत्या. नाना खंदकातून अर्धे वर आले, ते दृश्य पाहिलं, आणि पुन्हा खाली गेले. पाचही गोळ्या शिशाच्या डब्यात टाकल्या. कागद फाडून जाळला. आपला डोळा चुकला हे एकदा लोकांना कळलं, तर खंदकात पुन्हा कोण उतरू देईल, असंही मनात आलं होतं, हे त्यांनी लपवलं नाही. दुसऱ्या वर्षी दुसरा कागद सुचवला तो त्यामुळे. पुन्हा असं कोणाच्या बाबतीत होऊ नये, म्हणजे आपलं झाकलं जाईल, असं त्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. जो तो त्याच कागदाबद्दल शाबासकी देत होता.

मी काय म्हणालो, ते लिहायला मला अवघड जातं. मी म्हणालो, "नाना, सात वर्षं झाली. पुरावा काही नाही. आता बोलून कोणाचं भलं? शाल घ्या आणि गप्प बसा."

नाना माझ्याकडे पाहत राहिले. त्यांनी माझ्याकडून दुसरं काहीतरी ऐकायची आशा केली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मग म्हणाले, "मी जामनेरले जास. तुम्ही येतस का?"

मी गेलो, तो भल्या माणसासारखा नाही गेलो. एकटं जाऊ द्यायची लाज वाटली म्हणून गेलो.

जामनेरच्या अलीकडे मोटारीतून उतरून दीड मैल चालावं लागलं. लोटन ओट्यावर बसून दोर वळत होता. आता तो चाळिशीचा झाला होता, पण पाहून पन्नाशीचा वाटला. आम्हाला ओळखून त्याने घोंगडी पुढे सरकवली. त्याची बायको, बेबाबाई, चहा घेऊन आली. लोटनने बशी दोन्ही हातांनी धरली, लहान मूल धरतं तशी, आणि तोंड खाली नेऊन चहा प्यायला. मी पाहतोय हे लक्षात येताच म्हणाला, "हात कापतो माहा. लढाईतलं आहे. तेव्हा कळलं नाही, स्पर्धेच्या त्या नाल्यात कळलं."

त्याच्या हाताकडे मी नीट पाहिलं. हात कापत नव्हता.

नाना बशीला हात न लावता उठले आणि ओट्याच्या खाली मातीत जाऊन उभे राहिले. टोपी काढली. उभ्या उभ्या त्यांनी सांगितलं, काही कमी न करता. फळी, पटाशी, पाच गोळ्या, जाळलेला कागद. शेवटी म्हणाले, "तुमचा हात चुकेल नव्हता, भाऊ. मीच चुकनू."

लोटनने बशी खाली ठेवली. मग त्याने विचारलं, "दोन्ही कुठं होत्या?"

"दहामा. एकाले एक लागीसन."

"तुले कधी कळलं?"

"त्याच दिवशी. दिवस मावळायच्या आधी."

लोटन उठला आणि घराला वळसा घालून केळीत निघून गेला. बेबाबाई दारात उभी होती. ती ओरडली नाही. आवाज चढला असता तर बरं, असं मला वाटलं.

"सात वर्सं," ती म्हणाली, "हा मानूस सोताच्या हाताकडे पाहत बसला आहे. दाढी सोताच्या हातानं करत नाही. पोरगी झाली तं तिले उचलून घेतली नाही, हातातून पडंल म्हणे. रायफल शिकाले पोरं यायची, त्यायले घरी पाठवलं. मी त्याले म्हने, अरे तुहा हात चांगला आहे. तो म्हने, तुले काय कळते. आणि हे तुमाले ठाऊक व्हतं?"

"व्हतं," नाना म्हणाले.

"मंग आता कायले आले?"

मी तर तिच्या प्रश्नात नव्हतोच, पण फळी पाहू द्या म्हणणाऱ्याला नियम दाखवणारा मीच होतो. ते मी त्या ओट्यावर कबूल केलं नाही. करायला हवं होतं.

तासाभराने लोटन परत आला. पायाला चिखल लागला होता. त्याने नानांकडे पाहिलं नाही. मला म्हणाला, "मास्तर, चारची मोटार आहे. न्या याले." इतकंच.

जळगावच्या स्टँडवर उतरल्यावर नाना घरी न जाता सरळ शेठच्या पेढीवर गेले. मी मागे मागे. शेठना सांगताना नानांनी पुन्हा टोपी काढली. शेठचा चेहरा आधी लाल झाला. "सात वर्षं मी तो कप दिवाणखान्यात मांडतोय," ते म्हणाले, "आणि तू माझ्याच फाटकावर बसून होतास?"

"हो, शेठ."

"मला का नाही सांगितलंस?"

"मासाहेब हसत व्हत्या."

शेठ गादीवर बसले. चष्मा काढून पुसत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "फळी पाहू द्या, असं तो म्हणाला होता. मी नाही म्हटलं. मास्तर, तुम्हाला आठवतं? मला त्या वेळी वाटलं होतं, की ठोका ऐकू आला. पाच ठोके. लाकडाला गोळी लागल्याचा आवाज वेगळा येतो. मी स्वतःला समजावलं, की मोजले नव्हते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिघं माणसं एका खोलीत बसलो होतो, आणि कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

नानांनी आपल्याला कामावरून काढून टाका असं सुचवलं. शेठ म्हणाले, "मग मला कोण काढणार?"

धुळ्याला दहावी स्पर्धा झाली. चौऱ्याऐंशी नेमबाज, दोन दिवस, पांझरा नदीच्या काठावर गोळ्या अडवायला नवीन भिंत बांधलेली. शेवटच्या दुपारी मंडपात नानांचं नाव पुकारलं. पाहुणे शाल उलगडायला लागले. नानांनी हात जोडून त्यांना थांबवलं आणि लोकांकडे वळून सांगायला सुरुवात केली. बोलायची सवय नाही, त्यात अहिराणी आणि शुद्ध बोलण्याची ओढाताण. पहिल्या रांगेतल्या लोकांना कळलं, मागच्यांना वाटलं नाना आभार मानतायत, त्यांनी टाळ्या वाजवल्या. ते फार वाईट झालं. टाळ्या थांबेपर्यंत नाना उभे राहिले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मोठ्याने. या वेळी कोणी हललं नाही. शाल घडी करून टेबलावर ठेवली गेली.

शेठ उठले. १९५२ चा पहिला नंबर लोटन पाटलांचा, आपला नाही, अशी नोंद करावी असं त्यांनी मांडलं. वाद झाला. धुळ्याच्या एका वकील सभासदाचं म्हणणं होतं, की कागद नाही, गोळ्या नाहीत, एका माणसाच्या तोंडावर जुना निकाल कसा फिरवायचा. दुसरा म्हणाला, आज एक फिरवला तर उद्या दहा येतील. शेवटी निकाल तसाच राहिला आणि नोंदवहीत खाली एक ओळ लिहायचं ठरलं, की शेवटच्या फेरीतील एका गोळीविषयी नंतर शंका उत्पन्न झाली. ती ओळ माझ्या अक्षरात आहे. शंका नव्हती. मला 'चूक' लिहायचं होतं, बहुमत 'शंका'कडे गेलं, आणि मी लिहून दिलं.

नंतर शेठ कप घेऊन जामनेरला गेले. लोटनने घेतला नाही. "शेतात ठेवू कुठं तो," असं म्हणाला म्हणे. शेठनी तो आपल्या दिवाणखान्यातूनही काढला. पुढे कुठे गेला, ठाऊक नाही.

नाना पुन्हा खंदकात उतरले नाहीत. भुसावळहून उखर्डू नावाचा एक रेल्वेतला माणूस ते काम करू लागला. जिनाच्या फाटकावर नाना होतेच. पण कोणी हाक मारली की आधी खाली पाहायचे, मग वर. मी एकदा म्हणालो, "नाना, तुम्ही सांगितलंत तरी. आम्ही तर तेवढंही केलं नाही." ते म्हणाले, "सांगं म्हणीसन काय, मास्तर. तेन्ही पोर आते सात वर्सनी व्हयनी." पोरगी सात वर्षांची झाली होती, आणि बापाने तिला उचलण्याची वर्षं संपली होती.

१९६० च्या जानेवारीत स्पर्धा जळगावला आली. शंभराच्या वर नावं होती, इंदूरचेही लोक होते. दोरीमागे गर्दी उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मला गर्दीत लोटन दिसला. सोबत बेबाबाई आणि मुलगी. भाग घ्यायला आला नव्हता, पाहायला आला होता. मी नानांना सांगायला गेलो, तर ते आधीच त्याला पाहून मोटारींच्या मागे जाऊन बसले होते.

लोटन तिथेच आला. मी थोडा लांब उभा राहिलो, पण ऐकू येत होतं.

"खंदकात आता कोण असतं?" त्याने विचारलं.

"दुसरा शे. उखर्डू."

"फळी पाहतो का?"

"पाहस. पहिले फळी, मंग कागद."

लोटनने मान हलवली. माफ केलं असं तो म्हणाला नाही, नानांनी मागितलंही नाही. तो नानांच्या शेजारी, दोन हात अंतर ठेवून जमिनीवर बसला. दोघं पिस्तुलांचे आवाज ऐकत राहिले. एका फेरीनंतर मुलगी बापाला शोधत आली, तसा तो उठला आणि तिच्याबरोबर दोरीकडे गेला. नाना मान खाली घालून तिथेच बसून राहिले. मला फळ्याजवळ बोलावणं आलं, म्हणून मी खडू घेऊन गेलो. उखर्डू खंदकातून वर आला होता, आणि आकडे सांगायच्या आधी कागद बाजूला करून, वाकून फळी पाहत होता.